जुन्या गाडीचे टायर : झीज पाहावी, तसे वयही पाहावे

आमच्या वाचकांत नवीन गाडी घेणारे थोडे आणि जुनी सांभाळणारे फार. कुणाची बेकरीचा माल पोहोचवणारी ओम्नी आहे, कुणी कापडाचे गठ्ठे घालून आठवडी बाजार करतो, कुणाच्या घरी जुनी मारुती ८०० आहे आणि लग्नकार्यापासून दवाखान्यापर्यंत सगळे तिच्यावरच निभावते. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, ओम्नीचे २०१९ मध्ये. तरीही या दोन्ही गाड्या तालुक्याच्या गावांतून रोज दिसतात. सुटे भाग मिळतात, मेकॅनिक घरचा असतो आणि हप्ता कधीच फिटलेला असतो. त्यामुळे जुनी गाडी ठेवणे हा लहान धंद्यात शहाणपणाचाच सौदा आहे. आम्ही त्याच्या विरोधात नाही.

मात्र या गाड्यांचे मालक इंजिनाचे तेल वेळेवर बदलतात, बॅटरीला पाणी घालतात आणि टायरकडे फक्त पंक्चर झाल्यावर पाहतात. टायर गोटा झाला की दोन नवीन आणायचे, जे झिजले त्यांच्या जागी बसवायचे, आणि काम झाले असे समजायचे. या सवयीमुळे एका भल्या माणसाचे काय झाले ते आधी सांगतो.

खेड तालुक्यातील आमच्या परिचयाचे एक बेकरीवाले भाई. त्यांची २०१२ ची ओम्नी, मालवाहू म्हणून नोंदलेली. पहाटे साडेचारला पाव, बटर आणि नानकटाईचे ट्रे भरून निघायचे आणि नऊपर्यंत चिपळूणच्या बाजूची दुकाने उरकायची, हा त्यांचा नेम. मे २०२४ मध्ये त्यांनी पावसाळ्याची तयारी म्हणून दोन नवीन टायर घेतले. खर्च केला, पक्के बिल घेतले. टायरवाल्याने ते पुढच्या चाकांना बसवले आणि पुढचे अर्धे झिजलेले टायर मागे टाकले. भाईंनाही ते पटले, कारण स्टिअरिंग पुढे, ब्रेकचा जोर पुढे, तेव्हा चांगले टायरही पुढेच हवेत असे सगळेच मानतात. जूनच्या पहिल्या पावसात घाटाच्या उतारावर, वळणावर गाडीचे पुढचे तोंड बरोबर वळले आणि मागचा भाग निघून गेला. गाडी रस्त्यावर अर्धी गरकन फिरली आणि मागच्या बाजूने कठड्याला बसली. अल्लाहची मेहेरबानी की समोरून वाहन नव्हते. भाईंच्या खांद्याला मार लागला, माल सगळा चिखलात गेला आणि गाडी तेवीस दिवस गॅरेजमध्ये उभी राहिली. या तेवीस दिवसांत त्यांची सहा दुकाने दुसऱ्या बेकरीने धरली. त्यांतली दोन अजून परत आलेली नाहीत.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा ते पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "अहो, टायर तर नवीनच घातले होते! मी काय हयगय केली, सांगा!"

हयगय त्यांनी केली नव्हती. त्यांना कुणी नीट सांगितले नव्हते, इतकेच.

नवीन जोडी मागे, जुनी पुढे

हा नियम आमच्या मनचा नाही. बहुतेक मोठ्या टायर कंपन्या हेच सांगतात आणि तो पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या गाडीला लागू आहे तसाच मागच्या चाकांवर ढकलणाऱ्या गाडीलाही. कारण समजून घेतले म्हणजे लक्षात राहील.

ओल्या रस्त्यावर टायरच्या खाचांचे काम पाणी बाजूला काढण्याचे असते. खाच खोल असली तर पाणी तिच्यातून वाट काढते आणि रबर रस्त्याला टेकलेले राहते. खाच उथळ झाली आणि वेग जास्त असला तर पाणी वेळेत बाजूला होत नाही, टायर पाण्याच्या पातळ थरावर चढतो आणि रस्ता सुटतो. आता हे पुढच्या चाकांना झाले तर गाडी वळत नाही, सरळ जाऊ पाहते. चालकाला ते स्टिअरिंगमध्ये लगेच जाणवते, तो घाबरून का होईना ॲक्सिलेटरवरून पाय काढतो, वेग कमी होतो आणि पकड परत येते. हेच मागच्या चाकांना झाले तर आधी काही कळतच नाही. कळते तेव्हा गाडीचा मागचा भाग बाजूला गेलेला असतो. तिला सावरायला स्टिअरिंग क्षणात उलट दिशेला आणि नेमक्या मापाने फिरवावे लागते. ते शर्यतीतल्या चालकाचे काम. पाव पोहोचवणाऱ्या माणसाचा पाय अशा वेळी ब्रेकवर जातो आणि गाडी फिरते.

दोन टायर घ्यायचे असतील तर नवीन दोन मागे आणि बरे असलेले दोन पुढे, असे टायरवाल्याला स्पष्ट सांगावे. तो वाद घालील. वय झालेले एक टायरवाले चाचा आमच्याशीही वाद घालत होते, "चाळीस वर्षं पुढेच लावतोय, एकाची तक्रार नाही." आम्ही त्यांना एवढेच म्हणालो, "चाचा, ज्याची गाडी घाटात फिरली तो तुमच्याकडे तक्रार घेऊन कशाला येईल? तो गॅरेजमध्ये जाईल." चाचा हसले आणि टायर मागे लावून दिले.

एकच टायर फुटला व एकच घ्यावा लागला तर तो आणि उरलेल्यांतला सर्वांत चांगला, अशी जोडी मागच्या बाजूला लावावी. एका बाजूला अगदी नवीन आणि दुसऱ्या बाजूला गोटा, असे एकाच ॲक्सलवर कधीही नको.

फिरवण्याचा हिशेब

आता टायर फिरवण्याकडे येऊ. म्हणजे पुढचे मागे, मागचे पुढे करण्याकडे. मारुती ८०० सारख्या गाडीत इंजिन पुढे, ओढ पुढच्या चाकांवर, वळणे पुढच्या चाकांनी आणि ब्रेकचा मोठा भारही पुढे. त्यामुळे पुढचे टायर मागच्यांपेक्षा बरेच लवकर झिजतात. म्हणून दर ८ ते १० हजार किलोमीटरला त्यांची अदलाबदल करावी असे सांगतात.

"फिरवले की टायर दुप्पट चालतात" असे मात्र दुकानदार सांगतो ते खरे नाही. व्यापारी माणसाने हिशेब मांडून पाहावा. समजा, एका गाडीचे पुढचे टायर ३० हजार किलोमीटरला संपतात आणि मागचे ६० हजारांना. न फिरवता ६० हजार किलोमीटर गाडी चालवली तर पुढे दोन जोड्या लागल्या, मागे एक, एकूण सहा टायर. आता वेळेवर फिरवले तर चारही टायर सारखे झिजत ४० हजारांना एकदम संपतील. ६० हजारांत दीड संच, म्हणजे पुन्हा सहाच टायर! रबर काही जागा बदलल्याने वाढत नाही.

मग फिरवायचे कशासाठी? दोन गोष्टींसाठी. एक तर प्रत्येक जागेवर टायर आपल्या पद्धतीने वाकडा झिजतो. पुढचा कडेने, मागचा कधी लाटेसारखा. जागा बदलली की ती वाकडी झीज वाढायच्या आत मोडते, आवाज आणि थरथर कमी राहते. दुसरी गोष्ट जुन्या गाडीच्या मालकाला फार महत्त्वाची आहे आणि तीच सहसा कुणी सांगत नाही. ती म्हणजे टायरचे वय.

वरचीच गाडी वर्षाला ६ हजार किलोमीटर चालते असे धरा. घरच्या जुन्या गाडीचे चालणे साधारण एवढेच असते. मागचा टायर ६० हजारांना संपणार, म्हणजे दहा वर्षांनी. पण दहा वर्षे रबर टिकते कुठे? आठव्या वर्षी भेगा पडून तो काढावा लागला तर १२ हजार किलोमीटरची नक्षी पैशासकट कचऱ्यात गेली. आणि मालकाने नक्षीकडे पाहून तो काढलाच नाही तर त्याहून वाईट. उलट टायर फिरवत राहिले तर चारही ४० हजारांना, म्हणजे सहा वर्षे आठ महिन्यांत एकत्र संपतात. नक्षी आणि रबर दोन्ही साधारण एकाच वेळी वसूल होतात. कमी चालणाऱ्या जुन्या गाडीत टायर फिरवण्याचा खरा फायदा हा आहे. बेकरीवाल्या भाईंच्या गाडीसारखी वर्षाला पंचवीस-तीस हजार धावणारी गाडी असेल तर तिथे वयाचा प्रश्न येण्याआधीच नक्षी संपते. तिथे हवा आणि अलाइनमेंट यांवर जास्त लक्ष द्यावे.

अदलाबदल कशी करावी? पुढच्या चाकांची ओढ असलेल्या गाडीत (मारुती ८००, आल्टो, वॅगन-आर) पुढचे दोन्ही टायर त्याच बाजूने सरळ मागे न्यावेत आणि मागचे तिरपे पुढे आणावेत, मागचा डावा पुढे उजवीकडे, मागचा उजवा पुढे डावीकडे. मागच्या चाकांची ओढ असलेल्या गाडीत (ओम्नी त्यांतली) याच्या उलट : मागचे सरळ पुढे, पुढचे तिरपे मागे. काही टायरच्या बाजूवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो. तसे असेल तर बाजू बदलायची नाही, त्याच बाजूला पुढचा मागे आणि मागचा पुढे एवढेच. स्टेपनी त्याच मापाची आणि चांगली असेल तर तिलाही या फेऱ्यात घ्यावे, नाहीतर ती डिकीत पडून म्हातारी होते.

इथे एक खबरदारी घ्यावी. वर सांगितले की चांगली जोडी मागे हवी. मग तीन-चार वर्षे कधीच न फिरवलेल्या गाडीचे टायर आज एकदम फिरवले तर काय होईल? पुढचे गोटा झालेले मागे जातील. म्हणजे आम्ही ज्या अपघाताबद्दल लिहिले त्याचीच तयारी. तेव्हा पुढच्या आणि मागच्या नक्षीत २ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला असेल तर फिरवण्याची वेळ गेली असे समजावे. मागचे तसेच राहू द्यावेत, पुढचे संपवावेत, आणि नवीन आणाल तेव्हा नवीन मागे, आताचे मागचे पुढे. त्यानंतर मात्र दर वर्षी नेमाने फिरवावे. किलोमीटर लक्षात राहत नसतील तर पावसाळ्याआधी, मे महिन्यात, एकदा. फरक थोडा असतानाच फिरवले तर दोन्ही नियम पाळले जातात.

टायरच्या अंगावर लिहिलेले वाचावे

टायरच्या बाजूवर इतके काही छापलेले असते की माणूस वाचायचा कंटाळा करतो. आम्हीही करीत असू. २०२१ मध्ये एका लग्नाला सहकुटुंब निघालो असताना आमच्या जुन्या मारुतीचा टायर बसला. स्टेपनी काढली. नक्षी अगदी नव्यासारखी, रबराचे बारीक केससुद्धा शाबूत. मनात म्हणालो, चला, चांगला टायर निघाला. लावला आणि निघालो. अठरा-वीस किलोमीटरवर धडधड सुरू झाली, मग मोठा आवाज, आणि टायरचा वरचा पट्टाच सोलून निघाला. वेग कमी होता आणि रस्ता सरळ होता म्हणून आज हे लिहितो आहोत. नंतर टायरच्या बाजूवर पाहिले तर तो २००९ मध्ये बनलेला होता. बारा वर्षे तो डिकीत उन्हाने तापत पडून होता आणि आम्ही त्याला नवा समजत होतो.

ती तारीख कुठे असते ते सांगतो. टायरच्या बाजूवर अक्षरे आणि आकडे मिळून एक लांबट ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला. बाहेरच्या बाजूला ही पूर्ण ओळ दिसली नाही तर आतल्या बाजूला पाहावी, पुष्कळदा ती एकाच बाजूला असते. चार आकड्यांची पद्धत २००० सालापासूनची. कुठे तीनच आकडे दिसले तर तो टायर गेल्या शतकातला समजून ताबडतोब दूर करावा.

पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही शिल्लक असली, स्टेपनीचा असला, तरी काढून टाकावा, अशी टायर कंपन्यांची सर्वसाधारण शिफारस आहे. आमच्याकडचे ऊन आणि रस्ते पाहता आम्ही स्वतः सात-आठ वर्षांपलीकडे जात नाही. उभी राहणारी गाडी असेल तर विशेष जपावे. रबरात भेगा पडू नयेत म्हणून कारखान्यात मेणासारखे पदार्थ मिसळलेले असतात. टायर फिरतो, दबतो, तेव्हा ते हळूहळू वर येऊन पृष्ठभाग राखतात. महिनोन् महिने उभ्या गाडीत ते होत नाही आणि टायर लवकर चिरतो. परदेशी नोकरीला गेलेल्यांच्या गाड्या अंगणात झाकून ठेवलेल्या असतात, त्यांच्या घरच्यांनी हे ध्यानात ठेवावे आणि पंधरा दिवसांतून एकदा तरी गाडी फिरवून आणावी.

आता माप. मारुती ८०० वर १४५/७० आर १२ असे लिहिलेले असते. १४५ मिलिमीटर ही टायरची रुंदी, ७० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के, आर म्हणजे रेडियल आणि १२ इंच हे रिमचे माप. त्यापुढे ६९ एस असे असते. ६९ हा वजनाचा सांकेतिक आकडा, म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ३२५ किलो. एस ही वेगाची मर्यादा, ताशी १८० किलोमीटर, तिची आपल्याला काळजी नाही. ओम्नीचा टायर १४५ आर १२ एलटी असा असतो. एलटी म्हणजे हलक्या मालवाहू गाडीचा, जाड बांधणीचा. रिम दोन्हींचा १२ इंचीच. म्हणून स्वस्त पडतो या कारणाने कुणी कुणी मारुती ८०० चा टायर ओम्नीला चढवतात. तो बसतो, चालतोही, पण मालाने भरलेल्या गाडीचे वजन पेलण्यासाठी तो केलेला नाही. उंचीलाही कमी भरतो. गाडी बसकी दिसते, टायर तापतो आणि उन्हाळ्यात केव्हा फुटेल सांगता येत नाही. धंद्याच्या गाडीत ही बचत करू नये.

नक्षी किती उरली ते पाहायला खाचांच्या तळाशी पाहावे. ठराविक अंतरावर खाचेत आडवा, उंचवट्यासारखा रबराचा पट्टा असतो. टायरच्या खांद्यावर छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरे असतात, त्याच रेषेत आत तो सापडतो. टायर झिजून त्या पट्ट्याच्या बरोबरीला आला की नक्षी १.६ मिलिमीटर उरली. चारचाकी गाडीसाठी कायद्याने तीच शेवटची मर्यादा. नव्या टायरला साधारण ८ मिलिमीटर असते. कायदा १.६ म्हणतो म्हणून तिथपर्यंत थांबू नये. पावसाळ्यात आणि घाटात ३ च्या खाली गेलेला टायर आमच्या मते संपलाच. नक्षी मोजायचे छोटे गेज मिळते. ते नसेल तर आगकाडी खाचेत उभी धरून नखाने खूण करावी आणि शाळेच्या पट्टीवर मोजावी. एकाच ठिकाणी न मोजता आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन ठिकाणी मोजावे.

तीन ठिकाणी कशासाठी? कारण टायरची झीज गाडीची चुगली करते. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत, तर हवा कमी ठेवली जाते. मध्यच झिजला तर हवा जास्त. एकच कड खाल्ली असेल तर अलाइनमेंट गेले. रबराच्या गाठींवर एका दिशेने हात फिरवला तर गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागते, तेही अलाइनमेंटचेच. जागोजागी खड्डे-उंचवटे पडले असतील तर शॉक ॲब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग पाहावे.

जुन्या गाडीत अलाइनमेंट करूनही टिकत नाही अशी तक्रार येते. ती गाडीच्या सांध्यांची असते. टायर घेण्याआधी गाडी जॅकवर घेऊन पुढचे चाक दोन्ही हातांनी डाव्या-उजव्या बाजूने धरून हलवावे, मग वर-खाली धरून हलवावे. खडखड आली तर टाय-रॉड एंड, बॉल जॉइंट किंवा बेअरिंग गेलेले असते. आधी ते बदलावे, मग टायर बसवावे, शेवटी अलाइनमेंट. हा क्रम उलटा केला तर नवा टायर काही हजार किलोमीटरमध्ये एका कडेने साफ होतो आणि शिव्या टायर कंपनीला बसतात.

खरेदीच्या वेळी

नवीन टायर घेताना दुकानातच तारीख वाचावी. आम्हाला एकदा "नवीन" म्हणून दिलेला टायर तीन वर्षे गोदामात पडलेला निघाला. नीट सावलीत ठेवलेला टायर वर्षभराचा असला तरी चालतो, पण तीन वर्षांच्याला आजची किंमत का द्यावी? बसवण्याआधी वाचले तर बदलून मिळतो, नंतर नाही. आयएसआय चिन्ह पाहावे, ते असलेच पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या नवीन टायरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, तेव्हा बिलात तोच दर लावला आहे ना ते तपासावे. बिल पक्के घ्यावे आणि टायरचा नंबर त्यावर लिहून घ्यावा.

जुन्या बाजारातून टायर घेणाऱ्यांना काय सांगावे? परिस्थिती आम्ही जाणतो. पण या बाजारात गोटा टायरवर गरम हत्याराने नव्या खाचा कोरून, काळे पॉलिश मारून विकण्याचा प्रकार चालतो. खाच खोल दिसते, पण आतले रबर पातळ झालेले असते, कधी तारेच्या जाळीपर्यंत पोहोचलेले असते. घेणाऱ्याला ते दिसत नाही, विकणाऱ्याला ठाऊक असते. मालातला दोष लपवून विकणे हे आपल्याकडे कोणत्या सदरात मोडते ते आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. आणि जुनी गाडी विकताना टायरला पॉलिश मारून देणारेही याच सदरात येतात. जुना टायर घ्यायचाच असेल तर तारीख चार वर्षांच्या आतली, आतून ठिगळ नसलेला, आणि बाजूवर फुगवटा किंवा चीर नसलेला घ्यावा. फुगवटा म्हणजे आतले धागे तुटले. त्याला इलाज नाही. पंक्चरसुद्धा नक्षीच्या भागात असेल तरच दुरुस्त होते, बाजूच्या भिंतीला भोक पडले तर टायर गेला.

गाडीची नोंदणी दोनच वर्षे उरली, आता कशाला टायर घालू, असे म्हणणारे भेटतात. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी, तपासणी करून, पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दर वर्षी पासिंग आहे. दोन्ही ठिकाणी टायर पाहतात. पासिंगपुरते दुसऱ्याचे टायर चढवून आणणारे महाभाग आहेत, त्यांना आरटीओ फसेल, घाट फसणार नाही. गाडी दोन वर्षेच ठेवायची असेल तर चार ऐवजी दोन नवीन घ्या, मागे लावा आणि मागचे बरे असलेले पुढे आणा. गाडी विकताना चांगल्या टायरची किंमत थोडीफार तरी वसूल होते.

घरी बदलताना

जागा सपाट असावी. हँडब्रेक ओढून, गाडी गिअरमध्ये ठेवून, समोरच्या टोकाच्या चाकाला दगड लावावा. नट आधी जमिनीवरच ढिले करावेत, मग जॅक लावावा. जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. बसवताना नट एका ओळीत न आवळता समोरासमोरचे आवळावेत, म्हणजे रिम सरळ बसतो. किनाऱ्याकडच्या गाड्यांच्या रिमना खाऱ्या हवेने गंज चढतो आणि ट्यूबलेस टायरची हवा कडेने हळूहळू निघते. टायर उतरवला आहेच तर तारेच्या ब्रशने गंज काढून रंगाचा हात द्यावा आणि व्हॉल्व्ह नवीन घालावा. तो स्वस्त असतो, पण जुना चिरला की नव्या टायरची हवा त्यातूनच जाते. हवा गाडी थंड असताना भरावी आणि दरवाज्याजवळच्या चिठ्ठीवर किंवा माहितीपुस्तकात दिली आहे तेवढीच. माल भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असतो. महिन्यातून एकदा, स्टेपनीसह.

बेकरीवाल्या भाईंच्या ओम्नीला आम्ही नंतर त्यांच्याबरोबर बसून एक वही केली. प्रत्येक टायरची तारीख, बसवल्याचे किलोमीटर आणि जागा. मे २०२५ मध्ये पहिल्यांदा टायर फिरवले तेव्हा पुढच्या-मागच्या नक्षीतला फरक दीड मिलिमीटर भरला, म्हणजे वेळेत होते. दुसऱ्या दिवशी पन्नास-साठ किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा आवळायचे असतात, ते आम्ही फोन करून आठवले. भाई म्हणाले, "केव्हाच आवळले. चहाला थांबलो होतो तेव्हाच पाना काढला. आता तुम्ही तुमच्या मारुतीची स्टेपनी बघा."